पाचशे रुपयांचे मंत्री आणि बाबासाहेबांचा आक्षेप

आमच्या शाळेत दरवर्षी वादविवाद स्पर्धा होते. यंदा नववीच्या मुलांसाठी विषय ठरला, ‘सरकार काटकसर करत असताना लोकप्रतिनिधींचा पगार वाढावा का?’ मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे मुलांची भाषणं बसवून घेण्याचं काम माझ्याकडे आलं. नावं मागितली तर विरोधात बोलायला चौदा हात वर झाले. बाजूनं बोलायला एकही नाही. एक मुलगा म्हणाला, “टीचर, बाजूनं बोलायला आहेच काय? चोराची वकिली कोण करणार?” वर्ग हसला. मीही हसले.

शाळा जोगेश्वरीतली. या मुलांच्या वडिलांपैकी कुणी रिक्षा चालवतो, कुणी जरीकाम करतो, कुणी दुसऱ्याच्या गॅरेजवर आहे. त्यांनी आमदाराच्या पगाराची बाजू का घ्यावी? पण स्पर्धेला दोन बाजू लागतात. मी म्हटलं, दोन दिवस द्या, बाजूचे मुद्दे मी शोधून आणते.

आधीच सांगते, मी या प्रश्नात तटस्थ नाही. बी.एड. करून २००६ मध्ये शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा माध्यमिकला महिना चार हजार रुपये मानधन होतं. तीन वर्षं त्यावर काढली. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागल्यामुळे जुनी पेन्शन हुकली. मार्च २०२३ च्या संपात मीही होते. पाच वर्षांची एक टर्म केलेल्या आमदाराला जन्मभर पेन्शन आणि तीस वर्षं खडू झिजवणाऱ्याला नाही, ही घोषणा मीही घसा फोडून दिली आहे. तेव्हा मन त्या चौदा मुलांच्याच बाजूचं होतं.

मुद्दे शोधायला बसले आणि हाती आलं १९३७ सालचं एक भाषण. वक्ता होता डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आणि बाजू होती, मंत्र्यांना पगार कमी देऊ नका!

पाचशे हा आकडा आला कुठून?

बाबासाहेबांचं म्हणणं समजायचं तर आधी समोरची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती बाजूही थोर होती.

२ मार्च १९३० रोजी, दांडीयात्रेला निघण्यापूर्वी, गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनना पत्र लिहिलं. त्यात त्यांनी साधा हिशेब मांडला होता. व्हाइसरॉयचा पगार महिना २१ हजार रुपयांच्या घरात, म्हणजे रोजचे सातशेहून अधिक. हिंदी माणसाची सरासरी कमाई रोजची दोन आण्यांपेक्षाही कमी. राज्य करणारा आणि ज्याच्यावर राज्य केलं जातं तो, यांच्यात पाच हजार पटींचं अंतर. मिठावरच्या कराइतकाच हा पगारही गांधीजींच्या डोळ्यात खुपत होता.

पुढच्याच वर्षी, मार्च १९३१ मध्ये, सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखाली कराचीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. जगभर मंदी होती. शेतमालाचे भाव कोसळले होते. खुद्द इंग्रज सरकारनं त्या वर्षाच्या अखेरीस आपल्या नोकरांच्या पगारात १० टक्के कपात केली. कराचीच्या ठरावात काँग्रेसनं देशाला वचन दिलं की स्वराज्यात खास तज्ज्ञ सोडले तर कुठल्याही सरकारी नोकराला सर्वसाधारणपणे महिना पाचशे रुपयांहून जास्त पगार मिळणार नाही.

१९३७ मध्ये ते वचन पाळायची वेळ आली. नव्या कायद्यानुसार प्रांतांत निवडणुका झाल्या आणि जुलैमध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. वांद्र्याच्या खेरवाडी सिग्नलवरून आपण शेकडो वेळा जातो. ती खेरवाडी याच खेरांच्या नावाची. मुलांना विचारलं तर कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं तिथं पूर्वी खेराची झाडं असतील.

खेर सॉलिसिटर. गृहखातं सांभाळणारे कन्हैयालाल मुनशी हायकोर्टातले नामांकित वकील. आरोग्य खात्याचे डॉ. गिल्डर मुंबईतले ख्यातनाम हृदयरोगतज्ज्ञ. अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे कोल्हापूरचे माजी दिवाण. मोरारजी देसाई डेप्युटी कलेक्टरची नोकरी सोडून चळवळीत आलेले. मंत्रिमंडळातले मुस्लिम मंत्री होते महंमद यासीन नूरी. या सगळ्यांनी ठरवलं, पगार महिना पाचशे. घर आणि मोटारीची सोय वेगळी, पण पगार पाचशेच.

याच प्रांताच्या गोऱ्या गव्हर्नरचा पगार कायद्यानंच वर्षाला १ लाख २० हजार ठरवलेला होता. म्हणजे महिना दहा हजार. मंत्र्याच्या हाताखाली काम करणारा आयसीएस सचिवसुद्धा मंत्र्याच्या कितीतरी पट पगार उचलत होता. अशा सचिवालयात पाचशे रुपयांवर बसणं हा रोजचा सत्याग्रहच होता. ज्यांची वकिली किंवा डॉक्टरकी जोरात चालत होती त्यांनी तो केला. त्या त्यागाला मी कमी लेखणार नाही.

बाबासाहेब उभे राहतात

ऑगस्ट १९३७ मध्ये मंत्र्यांच्या पगाराचं विधेयक मुंबई विधानसभेत आलं. बाबासाहेब तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून सभागृहात होते. पक्ष जेमतेम वर्षाचा. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या चावडीची पायरी चढता येत नव्हती, अशा घरांतली माणसं या पक्षातून पहिल्यांदाच कायदे करायला बसली होती. गरिबांच्या पक्षाचा हा नेता मंत्र्यांच्या पगारकपातीचं स्वागत करेल, असंच कुणालाही वाटलं असतं. त्यांनी विरोध केला.

महाराष्ट्र सरकारनं छापलेल्या त्यांच्या समग्र लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात हे भाषण आहे. त्याचा सांगाडा माझ्या शब्दांत सांगते. मंत्र्याचा पगार ठरवताना चार गोष्टी पाहिल्या पाहिजेत, असं ते म्हणतात. एक, समाजातलं राहणीमान. दोन, कार्यक्षमता, म्हणजे त्या पगारात लायक माणूस मिळेल का. तीन, लोकशाही, म्हणजे ते पद सगळ्यांना खुलं राहील का. आणि चार, कारभाराची सचोटी.

मी अडखळले ती तिसऱ्या मुद्द्यावर. पगार आणि लोकशाहीचा काय संबंध?

संबंध असा. खेर पाचशेवर मंत्री होऊ शकले, कारण आधी त्यांची सॉलिसिटरची फर्म होती. मुनशी होऊ शकले, कारण वकिलीत त्यांनी कमावलेलं होतं. त्याग करायला आधी सोडण्याजोगं काहीतरी हातात असावं लागतं. परळच्या गिरणी कामगारानं काय सोडायचं? कोकणातल्या खोताच्या कुळानं काय त्यागायचं? पद बिनपगारी किंवा कमी पगाराचं ठेवलं की ते सेवेचं पद दिसतं, पण हळूहळू ते सधनांचं राखीव कुरण होतं. दार उघडं असतं, फक्त आत जायला घरची इस्टेट लागते.

हे बाबासाहेबांच्या आधी इंग्लंडच्या कामगारांना कळलं होतं. १८३८ मध्ये चार्टिस्ट चळवळीनं सहा मागण्या केल्या. त्यात मताच्या हक्काबरोबर एक मागणी होती, खासदारांना पगार द्या. श्रीमंतांची पार्लमेंट फुकट चालत होती आणि कामगार म्हणत होते, पगार सुरू करा! तो मिळायला १९११ साल उजाडलं. वर्षाला ४०० पौंड.

ज्याला वडिलांच्या पैशावर राजकारण करायचं आहे त्याला पगाराचं काय? पगाराची गरज आपल्या पोरांना आहे. वर्गात हात वर न करणाऱ्या, ‘चोराची वकिली’ म्हणणाऱ्या या पोरांना.

खांद्यावरचे तागे

हे भाषण वाचताना मला लहानपणी ऐकलेला किस्सा आठवला. आपल्यापैकी बहुतेकांनी तो ऐकला असेल.

हजरत अबू बकर कापडाचे व्यापारी. खलिफा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे खांद्यावर कापड टाकून बाजाराकडे निघाले. वाटेत हजरत उमर भेटले. विचारलं, कुठे? म्हणाले, बाजारात. मुसलमानांचा कारभार तुमच्या डोक्यावर आहे आणि तुम्ही दुकान मांडणार? अबू बकर म्हणाले, मग बायकापोरांना काय खाऊ घालू? तेव्हा बैतुलमालमधून त्यांना साधारण माणसाचा खर्च भागेल एवढी रक्कम बांधून देण्यात आली.

मौलवीसाहेब हा किस्सा साधेपणाचं उदाहरण म्हणून सांगतात. तो तसा आहेच. पण आता मला त्यात दुसरी गोष्टही दिसते. कारभार करणाऱ्याला पगार द्या, असा आग्रह उमर धरत आहेत. कारण कारभाऱ्यानं दुकान चालवलं तर एक तर कारभार बुडेल, नाहीतर दुकान भलतंच वाढेल. बाबासाहेबांचा चौथा मुद्दा, सचोटीचा, याहून वेगळा नाही.

आणि याच उमर यांचा दुसरा किस्सा. हिजरी १८ मध्ये अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. त्या वर्षाला ‘आमुर्रमादा’, राखेचं वर्ष म्हणतात. उमर तेव्हा खलिफा होते. लोकांच्या ताटात येत नाही तोवर तूप आणि मांस मीही खाणार नाही, असं त्यांनी ठरवलं आणि ते पाळलं. चेहऱ्याचा रंग काळवंडला, असं इतिहासकार लिहितात.

दोन्ही किस्से एकाच माणसाचे आहेत. एकात तो म्हणतो, कारभाऱ्याला पोटापुरता पगार मिळालाच पाहिजे. दुसऱ्यात म्हणतो, दुष्काळात कारभाऱ्याचं ताट रयतेच्या ताटाहून वेगळं असता कामा नये. आपण यातला एकच सांगतो आणि दुसरा विसरतो. १९३७ मध्येही तेच झालं. गांधीजींचं म्हणणं दुसऱ्या किश्शाचं होतं, बाबासाहेबांचं पहिल्या. खरं तर दोन्ही लागतात.

दुष्काळाचं वर्ष, २०१६

आता आपल्या काळात येऊ. एप्रिल २०१६. मराठवाडा सलग दुष्काळानं होरपळत होता आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी पोचवावं लागत होतं. ‘जलदूत’ गाडीची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, पावसाळी अधिवेशनात, आमदार-मंत्र्यांच्या पगारवाढीचं विधेयक आलं. आमदाराचं महिन्याचं वेतन-भत्ते सुमारे ७५ हजारांवरून दीड लाखाच्या पुढे गेले. माजी आमदारांची पेन्शन ४० हजारांवरून ५० हजार झाली. आमदाराचं मूळ वेतन प्रधान सचिवाच्या वेतनाशी जोडलं गेलं. विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना मंजूर झालं.

चर्चेविना! मला रकमेपेक्षा हा शब्द जास्त बोचतो. १९३७ मध्ये सत्ताधारी आपला पगार कमी करून घेत होते, तरी विरोधकांनी उभं राहून प्रश्न विचारले. कमी का, किती कमी, कुणाच्या फायद्याचं कमी? सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात खरा वैचारिक सामना झाला. २०१६ मध्ये वाढ होत होती, आणि एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष एका सुरात ‘होय’ म्हणाले.

पगारवाढीच्या बाजूनं बोलण्यासारखं होतं. कार्यकर्ते, गाडीचं पेट्रोल, मतदारसंघातून रोज येणारी माणसं, त्यांचा चहा, हे खर्च खोटे नाहीत. बाबासाहेबांचं भाषण विधानमंडळाच्याच दप्तरात होतं. ते काढून कुणी वाचून दाखवलं असतं तर राज्याला एक शहाणी चर्चा ऐकायला मिळाली असती. पण बाजू मांडायची तर विरुद्ध प्रश्नही ऐकावे लागतात. त्या दिवशी प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन महिना सहा हजार रुपये होतं. ते १६ हजार व्हायला २०२३ उजाडलं. हा प्रश्न कुणीतरी विचारला असता.

संविधानाच्या १९५ व्या कलमानं आमदारांना स्वतःचा पगार कायद्यानं ठरवायचा अधिकार दिला आहे. कायद्यानं, म्हणजे चर्चा करून. अधिकार अमानत असतो. अमानतीचा हिशेब चारचौघांत द्यायचा असतो.

कोरोनाचं वर्ष

न्यायाला धरून दुसरी बाजूही सांगते. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत राज्य मंत्रिमंडळानं मुख्यमंत्री, मंत्री आणि आमदारांच्या वेतनात वर्षभरासाठी ३० टक्के कपात केली. केंद्रानंही खासदारांच्या वेतनात तेवढीच कपात केली. आम्हा कर्मचाऱ्यांचा मार्चचा पगार दोन टप्प्यांत आला. ४ मे २०२० ला वित्त विभागानं विकासकामांचा निधी ३३ टक्क्यांवर आणला आणि नवी भरती थांबवली.

त्या ३० टक्क्यांनी तिजोरी भरली नाही. शेकडो लोकप्रतिनिधींची पगारकपात राज्याच्या अंदाजपत्रकात मिठाच्या खड्याएवढी. तरी मला ती योग्य वाटली. राखेच्या वर्षी उमर यांनी तूप सोडलं म्हणून दुष्काळ हटला नव्हता. पण उपाशी माणसाला कळलं होतं की आपला खलिफा आपल्याबरोबर आहे. काटकसरीच्या काळात कारभाऱ्याच्या पगाराचा हिशेब तिजोरीत कमी आणि भरवशाच्या खात्यात जास्त मांडला जातो.

भरतीबंदीचा फटका मात्र भरवशाच्या खात्यातला नव्हता. डी.एड., बी.एड. करून वाट पाहणाऱ्या मुलामुलींची वयं त्यात गेली. आमदारांची कपात वर्षानं उठली. त्यांची गेलेली वर्षं परत आली नाहीत.

“घर कौन चलाएगा?”

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या एका विद्यार्थिनीची आई डबे पुरवायची. वस्तीत नळाला पाणी कुठल्या गल्लीत किती वाजता येतं, रेशनकार्ड कुणाचं अडलंय, कुणाच्या म्हाताऱ्याला हॉस्पिटलात न्यायचंय, सगळं तिच्या जिभेवर. महापालिकेत अर्ध्या जागा बायकांच्या. एका पक्षाची माणसं तिला उभी राहा म्हणून सांगायला आली. ती मला विचारायला आली. मी म्हटलं, जरूर उभी राहा, तुझ्यापेक्षा चांगली नगरसेविका कोण?

ती म्हणाली, “टीचर, और फिर घर कौन चलाएगा?”

मुंबईच्या नगरसेवकाचं मानधन २०१७ पर्यंत महिना दहा हजार होतं, मग पंचवीस हजार झालं. पूर्ण वेळ वस्तीचं काम करायचं, डबे बंद करायचे आणि त्यात तीन मुलं वाढवायची? ती उभी राहिली नाही. तिच्या जागी ज्या घरातली बाई उभी राहिली त्या घराला मानधनाची गरज नव्हती.

बाबासाहेबांचा तिसरा मुद्दा मला पुस्तकातून कळण्याआधी असा घरी चालत आला होता. मीच तो ओळखला नाही.

पण प्रामाणिकपणे हेही म्हटलं पाहिजे की नुसता पगार वाढवून अशी बाई सभागृहात पोचत नाही. आज विधानसभेच्या उमेदवाराला कायद्यानं ४० लाखांपर्यंत खर्च करता येतो. प्रत्यक्षात काय होतं ते गल्लीतल्या पोरालाही माहीत आहे. दाराशी एवढी रक्कम मोजून आत गेलेल्याला दीड लाख पगार काय आणि तीन लाख काय! आमदारांचा पगार दुप्पट झाला, म्हणून डबेवाली विधानभवनात आली नाही. १९३७ चा युक्तिवाद आज पगारवाढीसाठी वापरायचा असेल तर त्याचं दुसरं टोकही धरलं पाहिजे, निवडणुकीचा खर्च खाली आणला पाहिजे. नाहीतर आपण गरिबाच्या नावानं श्रीमंताचा पगार वाढवत राहू.

मग करायचं काय?

दुनियेनं यावर वाटा शोधल्या आहेत. अमेरिकेत खासदारांनी केलेली पगारवाढ पुढची निवडणूक होईपर्यंत लागू होत नाही. ही दुरुस्ती १७८९ मध्ये मांडली गेली आणि १९९२ मध्ये संविधानात आली. म्हणजे वाढ करा, पण आधी लोकांना तोंड दाखवा. ब्रिटनमध्ये २००९ ला खासदारांच्या खर्चाचा घोटाळा गाजला. त्यानंतर पगार ठरवायचं काम स्वतंत्र संस्थेकडे गेलं. आपल्याकडे खासदारांचा पगार २०१८ पासून महागाईच्या निर्देशांकाशी जोडला आहे. तेही ठीक. पण मग तोच निर्देशांक अंगणवाडी सेविकेला, आशाताईला, शिक्षणसेवकाला का नाही?

माझी मागणी साधी आहे. आमदारांना पुरेसा पगार द्या. इतका की रिक्षावाल्याची मुलगी निवडून आली तर तिला कंत्राटदाराकडे पाहावं लागू नये. पण तो त्यांनी स्वतः ठरवू नये. वाढ पुढच्या सभागृहापासून लागू व्हावी. आणि ज्या वर्षी भरती बंद, निधी बंद, त्या वर्षी ती वाढही बंद.

हे सगळं मी वर्गात सांगितलं. खेरवाडीपासून सुरुवात केली आणि डबेवाल्या आईपर्यंत आले. तिचं नाव सांगितलं नाही. मग पुन्हा विचारलं, बाजूनं कोण बोलणार? थोडा वेळ शांतता. मग शेवटच्या बाकावरून एक हात वर झाला. ही मुलगी एरवी हजेरीलाही हळू आवाजात ‘जी’ म्हणते. तिनं विचारलं, “टीचर, बाजूनं बोलताना २०१६ ला चर्चा झाली नाही, ते पण सांगितलं तर चालेल का?”

मी म्हटलं, तेच आधी सांग.